टाकीच्या तळाशी काय निघालं? तुमचे अनुभव सांगा

जनरेटर आम्हाला वर्षातून चार-सहा वेळाच लागतो, त्यामुळे त्याच्या डिझेलच्या टाकीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आई घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होती. एका रात्री वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि दहा मिनिटांत गचके खाऊन बंद पडला. सिलिंडर होता म्हणून रात्र निभावली. सकाळी फिल्टर उघडला तर त्यावर काळपट, बुळबुळीत साय धरलेली. फिटर म्हणाले, "ताई, हा कचरा नाही, ही बुरशी आहे. आत पाणी आहे."

पाणी कुणी ओतलं नव्हतं. टाकी कायम अर्धी रिकामी असायची. दिवसा तापलेली हवा रात्री गार झाली की पत्र्याला आतून घाम सुटतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं, आणि दोन्ही जिथे टेकतात तिथे बुरशी पोसते. आता टाकी भरलेली ठेवते. महिन्यातून एकदा तळाच्या कॉकमधून काचेच्या बरणीत थोडं डिझेल काढून उजेडात धरते. तुमच्याकडे काय घडलं, तेही लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

*

आमच्याकडेही बुरशीच होती. मी घाईने बुरशीनाशक ओतलं, पाणी तसंच राहू दिलं. औषधाने बुरशी मेली खरी, पण मेलेली साय सुटून पुढे आली आणि एका आठवड्यात तीन फिल्टर गेले. आधी पाणी आणि गाळ काढा, मग औषध, आणि जादा फिल्टर हाताशी ठेवा.

*

बोटीवर हे फार वाईट वेळी कळतं. शांत पाण्यात इंजिन वर्षभर सुरळीत चाललं. लाटा वाढल्या तेव्हा तळाचा गाळ ढवळला, नळीत शिरला आणि नेमकं खडकांजवळ इंजिन थांबलं. नांगर लगेच धरला, म्हणून वाचलो. फिल्टर बदलून, हवा काढून इंजिन सुरू करेपर्यंत माझे हात थरथरत होते. नंतर टाकीचं झाकण उघडून आत हात घातला तर कोपऱ्यात बोटभर चिखल. छोट्या विमानांत उड्डाणाआधी टाकीच्या तळातून नमुना काढून पाणी बघतात. तीच सवय आता मी लावून घेतली आहे.

*

मोटरसायकल दोन वर्षं उभी होती. पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं. असं पेट्रोल ओलावा ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्याबरोबर वेगळं होऊन खाली बसतं. झाकण उघडल्यावर वार्निशसारखा वास आला, आत बॅटरी मारली तर तांबूस गंज. टाकी गाडीवरून उतरवून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात एक दिवस ठेवली, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, लगेच वाळवली आणि आतून तेलाचा हात फिरवला. वाळवण्यात उशीर केला तर तासाभरात पुन्हा गंज धरतो, हे मी पहिल्या खेपेला अनुभवलं.

*

कळकळीने सांगतो, टाकी गळते म्हणून तिला घरी वेल्डिंग करू नका. माझा भाऊ "रिकामीच आहे" म्हणाला होता. पेट्रोल संपतं, वाफ राहते, आणि हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते. त्याच्या दोन्ही हातांवर अजून डाग आहेत.

*

डिझेल जस्ताचा मुलामा दिलेल्या डब्यात साठवू नका. जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि इंजेक्टरवर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागावर, थर धरतो. आम्हाला हे इंजेक्टर बदलल्यावर कळलं.

*

सगळ्यांचं वाचून आज पुन्हा बरणी भरली. तळाला पाण्याचे दोन मणी होते, टाकी भरलेली असूनही. मग झाकण तपासलं. त्याचा रबरी वायसर तडकलेला आहे, पावसाचं पाणी तिथूनच झिरपत असणार. नवा बसवून पुढच्या महिन्यात बरणीत काय दिसतं ते इथेच कळवते.