ख्याल चालू असताना दार बंदच हवं

टिळकवाडीकर: गाण्याच्या मैफलीबद्दल कालच्या पोस्टीत एकानं लिहिलंय, "तिकीट काढलंय, कधीही आत जाऊ, कधीही उठू." वाचून डोकं फिरलं. ख्याल गाणाऱ्या किराणा घराण्याच्या अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन (तालाचा एक फेरा) जवळपास मिनिटभर चालतं. गायक समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे निघालाय आणि पुढच्या रांगेतून कुणी वाकून चाललंय, मग कसली सम! दार फक्त दोन रागांच्या मधे उघडावं.

शहापूरकर: आणि सहाचा कार्यक्रम सातला सुरू होतो त्याचं काय? हार, शाली, भाषणं. बेळगावबाहेर खानापूर-निपाणीच्या माणसाला शेवटची बस गाठायची असते. तो उठणारच की! उघड्या मैदानावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, हा 2000 सालचा नियम. तासभर सत्कारात गेला तर मालकंस, दरबारी या रात्री उशिराच्या रागांना उरतं काय? कुंदगोळच्या नाडगीर वाड्यातल्या मैफलीत रात्र जागवणाऱ्या भागात ही अवस्था.

अनगोळचा: काका, सत्काराइतकाच वेळ स्टेजवर तंबोरे लावण्यात जातो.

टिळकवाडीकर: तो वेळ वाया जात नाही! गाणं त्यावरच उभं राहतं.

अनगोळचा: लावू नका कोण म्हणतंय? कुठं लावता ते विचारतोय. तंबोरे उकाड्याच्या खोलीत जुळवायचे आणि गार एसी हॉलमध्ये न्यायचे. थंडीनं तारा आखडतात, स्वर चढतो. वर प्रखर दिवे लागले की तारा तापून उतरतात. तबल्याची पुडी (वरचं कातडं) दमट हवेत सैल, कोरड्यात ताठ. अर्धा तास आधी एसी आणि दिवे चालू करून वाद्यं स्टेजवरच ठेवा. खुंटीनं ढोबळ, तारेतल्या मण्यानं बारीक स्वर लावा, शेवटी जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवून गुंजन साधायचा दोरा. मग पडदा उघडल्यावर दोन मिनिटं पुरतात.

शहापूरकर: इलेक्ट्रॉनिक तंबोरा ठेवा, भांडण मिटलं.

टिळकवाडीकर: मिटत नाही. त्याचा आवाज स्पीकरमधूनच येणार. गायकाच्या पाठीशी तंबोऱ्यांचे दोन तुंबे (भोपळे) घुमतात, तो आधार त्या इलेक्ट्रॉनिक डब्यातून मिळत नाही.

कॅम्पवाली: तंबोऱ्यावरून हातघाईवर येण्याआधी वृंदगानाचंही ऐका. वाद्यांशिवाय चार आवाजांत गाताना दोन भागांमधली शांतता स्वर धरून ठेवायला असते. तिथं टाळ्या पडल्या की पुढच्या भागात स्वर हमखास खाली उतरतो. आणि प्रत्येकाच्या तोंडापुढं माईक देऊ नका, आवाज मिसळत नाहीत. समोर दोन-तीन मीटरवर, उंचावर दोन माईक पुरे.

शहापूरकर: टाळ्यांचं पटलं. दाराचंही, पण सत्कार मध्यंतरात ढकलला तरच.

टिळकवाडीकर: मध्यंतरात नको, संपल्यावर करा. ज्याला बस आहे तो तोवर निघेल.

अनगोळचा: दाराला वेळ आहेच की. यमन रागानंतर मालकंस असेल तर तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवावी लागते, जवारी पुन्हा साधावी लागते. तीन-चार मिनिटं. तेवढ्यात दार उघडा, आणि तंबोरा वाजेल इतकं शांत बसा.