अण्णांच्या बीपीला तीन-तीन औषधं कामून? आणि पायाला सूज

गोदाकाठ, परभणी:
आमचे अण्णा ६८ वर्षांचे. आधी नुसती ॲमलोडिपिन ५ चालू होती, आता डॉक्टरनी जोडीला टेल्मिसार्टन ४० अन हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ एकत्र असलेली गोळी दिली. अण्णा म्हणायलेत, एका बीपीला तीन औषधं कामून, कमिशन असतंय हे सगळं. ॲमलोडिपिन चालू झाल्यापासून घोट्यापाशी सूज यायली, संध्याकाळी चप्पल घट्ट होते. अन मशीनवर १३० दिसलं की लगेच गोळी बंद करतेत. दवाखान्यात एवढी गर्दी असते की विचारायला तोंडच उघडत नाही. कुणी नीट सांगता का?

मेडिकलवाला_जालना:
कमिशनचं राहू द्या बाजूला. मोटार, पाइप अन पाणी असं धरा. प्रेशर उतरवायचं तर मोटार हळू करा, पाइप रुंद करा, नाहीतर पाणी कमी करा. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला आवळायला कॅल्शियम लागतं, ॲमलोडिपिन त्या कॅल्शियमचं आत यायचं दार अडवते, म्हणून नळी सैल पडते. टेल्मिसार्टनचं वेगळं, किडनीतून रेनिन सुटतं, त्याच्यापुढं साखळीनं अँजिओटेन्सिन-२ तयार होतं, ते नळ्या आवळतं आणि शरीराला मीठ धरून ठेवायला लावतं, टेल्मिसार्टन त्याच्या बसायच्या जागेवर आधीच जाऊन बसते. तिसरी मीठ-पाणी लघवीवाटे काढते. मोटार हळू करणाऱ्या म्हणजे मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर, त्या अण्णांना दिलेल्याच नाहीत. एकच गोळी डबल केली म्हणून बीपी डबल उतरत नाही, सूज मात्र वाढते, म्हणून थोडं थोडं तिन्हीकडून.

फार्मसीवाली_औरंगपुरा:
सूज बहुतेक ॲमलोडिपिनचीच. ती धमन्यांकडच्या बारीक नळ्या सैल करते पण शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, मग मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं, आणि दिवसभर उभं राहिलं की ते घोट्यात उतरतं. म्हणून लघवीच्या गोळीनं ही सूज फारशी हटत नाही, टेल्मिसार्टन शिरापण सैल करते त्यामुळं तिच्यानं बऱ्याचदा कमी होते. पण एकाच पायाला सूज असेल, दम लागत असेल तर हे सगळं वाचत बसू नका, सरळ दाखवा.
आणि १३० हे गोळी पोटात आहे म्हणून १३० आहे हो दादा! ॲमलोडिपिनची हाफ लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) ३० ते ५० तास, पूर्ण असर यायला आठवडाभर लागतो आणि उतरायलाही तसाच वेळ लागतो. म्हणून एक दिवस चुकवली तर मशीनवर काहीच दिसत नाही आणि माणसाला वाटतं बघा, गोळीविना पण नॉर्मल.

ढोरांचा_डॉक्टर, उदगीर:
मधीच बोलतो. अण्णा गुडघ्याला डायक्लोफेनॅक वगैरे दुखण्याच्या गोळ्या घेतेत का? ते आधी विचारा. दुखणं-सूज करणारी प्रोस्टाग्लँडिनं बनवणारं एन्झाइम ह्या गोळ्या बंद पाडतेत, ॲस्पिरिनचं हे काम जॉन वेन ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञानी १९७१ मधे दाखवलं, १९८२ ला नोबेल मिळालं त्यात. गोची अशी की तीच प्रोस्टाग्लँडिनं किडनीत रक्त आत येणारी नळी उघडी ठेवतेत. डायक्लोफेनॅकनी आत यायची नळी आवळली, टेल्मिसार्टननी बाहेर जायची सैल केली, लघवीच्या गोळीनं पाणी घटवलं, वरून आपल्याकडचा मे महिना अन रानात घाम, किडनीत गाळायला प्रेशरच उरत नाही. बीपी वाढतं ते वेगळंच. आमच्या लाईनीत ढोरांना डायक्लोफेनॅक द्यायला २००६ पासून बंदी आहे, मेलेलं जनावर खाऊन गिधाडांच्या किडन्या जायच्या त्यामुळं. माणसाची किडनी गिधाडापेक्षा दमदार म्हणा, पण ६८ व्या वर्षी कशाला परीक्षा घ्यायची.

गोदाकाठ, परभणी:
घेतेत ना, दुकानातून सुट्टी आणतेत अन डॉक्टरला सांगतच नाहीत!! मग गुडघ्याला पॅरासिटामॉल चालंल का?

मेडिकलवाला_जालना:
डायक्लोफेनॅकपेक्षा ती बरी, किडनीतल्या त्या नळीला फार हात लावत नाही. फक्त पाण्यात फसफसणारी घेऊ नका, तिच्यात सोडियम लई असतं. डोस किती ते डॉक्टरला विचारा, लिव्हरची तक्रार किंवा दारू असेल तर आधी सांगा. नवी गोळी चालू झालीच आहे तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते कळतं), सोडियम, पोटॅशियम करून घ्या. जुलाब-उलटी झाली तर त्या दिवशी टेल्मिसार्टनवाली घ्यायची का हेही त्याच चिठ्ठीवर लिहून न्या, गर्दीत आठवत नाही.