दमणला जाताना तिथी बघा

'देवक्याला समुद्रच दिसला नाही, नुसते खडक' ही दमणच्या देवका किनाऱ्याबद्दलची तक्रार खरी आहे, पण दोष तिथीचा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथे भरती दुपारी येते आणि संध्याकाळी पाणी लांब ओसरतं. अष्टमीच्या आगेमागे उलटं. सूर्यास्ताला लाटा कठड्यापाशी हव्या असतील तर तेच दिवस धरा. रोज भरतीची वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. फेरफटक्याला नमो पथ (किनाऱ्यालगतचा फिरण्याचा रस्ता, २०२३ साली खुला झालेला, साडेपाच कि.मी.च्या आसपास) उत्तम, पोहायला मात्र देवका नकोच, खडक पाण्याखालीही असतातच.

खरेदी नानी दमणच्या बाजारात आधी उरका, मग किनारा. बडोद्याला परतताना पिशवीत बाटली नको: गुजरातेत दारूबंदी आहे, हद्दीवर तपासणी होते. वापी स्टेशन बारा-तेरा कि.मी., शेवटच्या गाडीआधी तासभर तरी निघा.