घरचा सर्व्हर की भाड्याचा क्लाउड?

नाशिककर: काल इथे एकांनी लिहिलं, 'घरी नॅस (घरभरच्या फाइली नेटवर्कवर ठेवणारा सर्व्हर) बांधणं हा रिकामटेकडा उद्योग. दोन टीबी क्लाउड घ्या आणि निवांत झोपा.' वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय. आजीच्या ओव्यांच्या ६० कॅसेटी मी स्वतः डिजिटल केल्या. जुन्या पीसीत चार टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये टाकल्या, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत; वर ट्रूनॅस ही नॅसची ऑपरेटिंग सिस्टिम. तीन वर्षं बिनतक्रार चालू आहे. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून फुकटची अमर्याद साठवण बंद केली, तेव्हाची धावपळ विसरलात? भाड्याच्या घरात अटी मालकाच्याच.

ठाणेकर: ते लिहिणारा मीच. हिशेब करा. ३५ वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला २५ युनिट. दहा रुपयांनी धरलं तरी वर्षाला तीन हजार फक्त विजेचे, डिस्कचे वेगळे. शिवाय मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर उडवला की दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो.

नाशिककर: रोज रात्री स्नॅपशॉट होतो, म्हणजे फाइलींची त्या वेळची स्थिती जपली जाते. उडवलेला फोल्डर मी दोन मिनिटांत परत आणलाय, तोही दोनदा.

सावंतवाडीकर: तुम्ही बिलं मोजताय, इथे आधी लाइट असायला हवी! पावसाळ्यात दिवसातून सात-आठ वेळा जाते. इन्व्हर्टरवर टाकलेला सर्व्हर धाडकन बंद पडायचा.

नागपूरकर: मागचं बटण यूपीएस मोडवर होतं का? साध्या मोडवर लाइटवरून बॅटरीवर जायला वेळ लागतो, तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो.

सावंतवाडीकर: बटण मला शिकवू नका, दहा वर्षं इन्व्हर्टर वापरतोय. होतं यूपीएस मोडवरच. पण चार तास लाइट नसली की बॅटरी संपते, आणि घरचा इन्व्हर्टर सर्व्हरला तसं कळवत नाही. शेवटी यूएसबीवाला यूपीएस घेतला. बॅटरी उतरली की सर्व्हर स्वतःच नीट बंद होतो. तेवढ्यात गेल्या वर्षी जवळच वीज पडली. इंटरनेटच्या तांब्याच्या केबलमधून आली, राउटर आणि मदरबोर्ड दोन्ही जळले.

ठाणेकर: मग मी वेगळं काय सांगतोय?

सावंतवाडीकर: पुढचं वाचा तरी! त्याच डिस्क दुसऱ्या पीसीला लावल्या, पूल (डिस्कचा संच) इम्पोर्ट केला, एक फाइल गेली नाही. आता फायबर घेतलंय, त्यातून वीज येत नाही. आणि वादळात नेट चार दिवस बंद होतं, तेव्हा तुमचा क्लाउड कुठे होता? लेकीने बारावीचे सगळे व्हिडिओ घरच्या सर्व्हरवरून बघितले.

नागपूरकर: इन्व्हर्टर राहू द्या, डिस्क कुठली ते बघून घ्या. एसएमआर प्रकारच्या डिस्कवर ट्रॅक (माहितीच्या गोल पट्ट्या) कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. माझी एक डिस्क गेली, तिच्या जागी नकळत एसएमआर आणली. रिसिल्व्हर, म्हणजे नव्या डिस्कवर प्रत पुन्हा उतरवणं, आठवडाभर रखडलं. खोक्यावर याबद्दल एक अक्षर नव्हतं. या फसवणुकीचा राग अजून गेला नाही.

ठाणेकर: मला एवढंच सांगा, नाशिककर. घरात चोरी झाली, पाणी शिरलं, तर ओव्यांची दुसरी प्रत कुठे आहे?

नाशिककर: कॅसेटी आहेत ना.

ठाणेकर: त्याही त्याच घरात?

नाशिककर: हो. मूळ कपाटात, सर्व्हरही तिथेच बाजूला. बाहेर प्रत नाही, हे मान्य. रविवारी एक डिस्क भरून बहिणीकडे ठेवतो. पण क्लाउड घेणार नाही.

ठाणेकर: ६० कॅसेटी तासा-तासाच्या धरल्या तरी सीडीच्या दर्जाने चाळीस जीबीच्या आतच बसतील. त्याला दोन टीबी कशाला, शंभर जीबी पुरे. तेवढ्यापुरता माझा कालचा सल्ला चुकला. सर्व्हर तुमचा ठेवा, एवढ्या ओव्या मात्र वर चढवा.

नाशिककर: चढवेन, पण एन्क्रिप्ट करूनच. किल्ली माझ्याकडे राहील.