पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात घर कसं चालवायचं? बाहेरच्या देशांत काही मिळतं का?

हर्णैकर: १ जून ते ३१ जुलै बोट किनाऱ्यावर, खलाशी गावाला, आणि बचतगटाचा हप्ता, वाण्याची उधारी सगळं एकदम अंगावर येतं. दुसरीकडे मच्छीमार काय करतात?

मालवणचो आबा: ब्राझीलात छोट्या मच्छीमाराला बंदीत दरमहा किमान वेतनाएवढे पैसे सरकार देतं. कॅनडात मच्छीमारांच्या बेरोजगारी विम्याला कामाचे तास नाही, मासळीची कमाई बघतात, हे मला फार पटतं कारण समुद्रातले तास मोजणार कोण!

देवगडची ताई: दादा, आपल्याकडे केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत आपण साठवलेले १५०० नि सरकारचे ३०००, पण बंदी-मंदीच्या तीन महिन्यांना मिळून ४५००, त्यात किराणा तरी कसा भागणार? तरी मच्छीमार सोसायटीत विचारा, हक्काचं सोडू नका.

हर्णैकर: उद्याच जातो ताई. आई मासळी विकते, तिचंही नाव लागेल का?