जमैकातील ब्लू माउंटन्स : शिखर गाठावे की खिंडीपर्यंतच जावे?

दूरदेशी
येत्या जानेवारीत कामानिमित्त किंग्स्टनला जाणे होणार आहे. सबिना पार्कवरचे सामने पाहताना मैदानामागे जी निळसर डोंगररांग दिसते, ती जवळून पाहण्याची फार दिवसांची इच्छा आहे. आई सोबत असेल. ती रोज चालते, पण रात्रीची चढण तिला झेपणार नाही. जिथे वाचावे तिथे २,२५६ मीटर उंचीच्या शिखरावरील सूर्योदयाचेच वर्णन आढळते. शिखर वगळले तर त्या जंगलात पाहण्याजोगे काय उरते आणि जानेवारी महिना योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटवाट
जानेवारी योग्यच आहे. तेथे मे आणि ऑक्टोबरच्या सुमारास पावसाचा जोर असतो व चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर मानला जातो. तरीही माझ्या मते महिन्यापेक्षा दिवसाची वेळ अधिक महत्त्वाची आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरील बाष्प या रांगेवर आणून आदळतात. त्यामुळे उत्तरेचा पोर्टलंड परगण्याकडील उतार वर्षभर ओलाचिंब राहतो, तर दक्षिणेला पायथ्याशी असलेले किंग्स्टन पर्जन्यछायेत कोरडे आणि उकाड्याचे असते. सकाळी स्वच्छ दिसणारा माथा बहुधा दुपारच्या आत ढगांत जातो, म्हणून शहरातून उजाडतानाच निघावे.

आईंसाठी डोंगरातल्याच हॉलीवेल उद्यानाचा पर्याय सुचवतो. किंग्स्टनच्या कडेला असलेल्या पापीनहून वळणावळणाचा अरुंद रस्ता न्यूकॅसलमार्गे तिथवर जातो. न्यूकॅसलची लष्करी छावणी १८४१ साली वसवली गेली, कारण खालच्या उष्ण मैदानात पीतज्वराने सैनिक पटापट दगावत होते आणि या उंचीवर तो आजार पोहोचत नव्हता. गंमत म्हणजे रस्ता थेट छावणीच्या कवायतीच्या मैदानातून जातो. पुढे हार्डवार खिंडीजवळ हॉलीवेलच्या छोट्या पायवाटा आहेत. झाडांच्या खोडांवर शेवाळ, नेचे आणि बांडगुळांसारख्या दिसणाऱ्या ब्रोमेलियाड या अननसाच्या कुळातील वनस्पतींच्या पेल्यांत साठलेले पाणी हे सारे तेथे हाताच्या अंतरावर पाहता येते. खरे जंगल पाहायचे असेल तर शिखराचा अट्टहास हवाच कशाला?

रानवाटा
घाटवाट यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. आई येणार नाहीत हे ठीक, पण दूरदेशी यांनी स्वतः एक रात्र शिखरासाठी जरूर राखावी. मॅव्हिस बँक गावाच्या पुढे, जिथून चढाई सुरू होते त्या पेनलाइन कॅसलपर्यंतचा रस्ता इतका खराब आहे की साधी गाडी तेथे चालत नाही. वाटाड्यासह मध्यरात्रीनंतर निघून, ‘जेकब्ज लॅडर’ नावाचा खडा चढ पार करून पोर्टलंड गॅप या वाटेतील थांब्याला पोहोचायचे आणि तेथून पुढे माथा गाठायचा, असा सर्वसाधारण क्रम आहे. कॉफीचे मळे मागे पडल्यावर झाडे हळूहळू ठेंगणी व वाकडीतिकडी होत जातात. जंगलाचा हा बदल एका चढाईत पायाखालून अनुभवता येतो, तो खिंडीत बसून कळत नाही. हवा अगदी निवळ असेल तर क्यूबा दिसते, मात्र त्या भरवशावर जाऊ नये.

नदीकाठ
उत्तरेच्या बाजूचा उल्लेख राहून गेला. २०१५ साली या रांगेला शेजारच्या जॉन क्रो पर्वतासह जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो केवळ निसर्गासाठी नव्हे. गुलामगिरीतून निसटलेल्या मरून लोकांनी याच जंगलाच्या आश्रयाने इंग्रजांशी दीर्घकाळ झुंज दिली आणि अखेर इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. त्यांची नेत्री नॅनी आज जमैकाच्या ५०० डॉलरच्या नोटेवर आहे. रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातील मूर टाउन हे तिच्या वंशजांचे गाव. पश्चिम गोलार्धातील सर्वांत मोठे फुलपाखरू, होमेरस स्वॉलोटेल, या परिसरात तग धरून आहे. पण ते अतिशय दुर्मीळ असल्याने दिसेलच असे नाही.

दूरदेशी
सर्वांचे आभार. हॉलीवेल आईसोबत आणि शिखर एकट्याने, असे ठरवतो. गरम कपडे लागतील का?

रानवाटा
अवश्य. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते, म्हणजे किंग्स्टनमध्ये रात्री २३ अंश असताना माथ्यावर दहाच्या आसपास, शिवाय वारा आणि ओल. स्वेटर, पाणी न शिरणारे जाकीट आणि डोक्याला बांधायचा दिवा एवढे पुरे. हॉलीवेलहून पुढे उत्तर किनाऱ्यावरील बफ बे गावाकडे उतरायचा विचार असेल, तर दरड कोसळून रस्ता बंद नाही ना, याची आदल्या दिवशी चौकशी करावी.