रीडेबल कोड : वाचनीय, सुवाच्य की सुबोध?

प्रश्न :
पायथन या संगणकाच्या भाषेची ओळख करून देणारा लेख मराठीत लिहिते आहे आणि 'सिंपल' आणि 'रीडेबल' या दोन शब्दांपाशी अडले आहे. आधी 'सोपी आणि वाचनीय भाषा' असं लिहिलं होतं. मोठ्याने वाचलं तेव्हा कादंबरीचं परीक्षण वाचल्यासारखं वाटलं. या भाषेमागचा सगळा विचार याच दोन शब्दांवर उभा आहे, म्हणून कामचलाऊ शब्द नको आहेत. काय वापरावं?

प्रतिसाद :
खटकलं ते बरोबरच आहे. 'वाचनीय' म्हणजे वाचण्याजोगं, जसं 'प्रेक्षणीय' म्हणजे बघण्याजोगं. कोड कोणी हौसेने वाचत नाही, तो वाचावा लागतो. आणि वाचताना अर्थ चटकन लागावा एवढीच अपेक्षा असते. त्यासाठी 'सुबोध' हा चांगला रुळलेला शब्द आहे. 'सुवाच्य' अक्षराला म्हणतात. सुवाच्य अक्षरातलं पत्रही डोक्यावरून जाऊ शकतं.

मात्र पायथनपुरता 'सुवाच्य' अगदीच टाकून देऊ नका. गिडो व्हान रॉसम यांनी 1989च्या डिसेंबरात ॲमस्टरडॅममध्ये ही भाषा लिहायला घेतली. त्याआधी त्यांनी एबीसी नावाच्या भाषेवर काम केलं होतं, आणि ओळी आत सरकवून एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट दाखवायची पद्धत तिथूनच आली. सीसारख्या भाषेत गट ठरतो महिरपी कंसांनी. ओळ आत घेतली काय न घेतली काय, यंत्राला फरक पडत नाही. त्यामुळे डोळ्यांना एक दिसतं आणि यंत्र दुसरंच करतं. 2014 साली ॲपलच्या प्रणालीत सापडलेली चूक आठवा : 'गोटू फेल' (म्हणजे मधलं सोडून 'फेल' या ठिकाणी जा) ही ओळ एकाखाली एक दोनदा आली होती. दोन्ही सारख्याच आत घेतलेल्या, म्हणून दोन्ही वरच्या अटीखालच्या वाटत. कंस नसल्याने अट लागू होती फक्त पहिलीला. दुसरी दर वेळी चालायची आणि सुरक्षित जोडणीतली सहीची तपासणीच टळायची. पायथनमध्ये जी ओळ आत दिसते ती आतच असते. तिथे मांडणी सुवाच्य असणं हा अर्थाचाच भाग आहे.

प्रतिसाद :
'सुबोध'ला माझंही मत. 'सिंपल'साठी मात्र 'सोपी' नको, 'साधी' म्हणा. सोपं-अवघड हे माणसागणिक बदलतं. मला सोपं ते तुम्हाला अवघड असू शकतं. साधेपणा त्या वस्तूतच असतो.

पायथन घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या टिम पीटर्स यांनी 1999मध्ये या भाषेची 19 सूत्रं लिहिली. त्यातलं एक म्हणतं, सिंपल हे कॉम्प्लेक्सपेक्षा बरं, आणि पुढचं म्हणतं, कॉम्प्लेक्स हे कॉम्प्लिकेटेडपेक्षा बरं. शब्दकोशात शेवटच्या दोघांनाही 'गुंतागुंतीचे' असंच सापडतं आणि अनुवाद तिथेच फसतो. मी 'गुंतागुंत' आणि 'गुंता' असा फरक करेन. वेणीत पेड एकमेकांत जातात, पण कोणताही पेड धरून शेवटपर्यंत जाता येतं; ती गुंतागुंत. विंचरताना कंगवा अडतो तो गुंता. प्रश्नच अनेक पेडांचा असेल तर कोडमध्ये गुंतागुंत येणारच, गुंता मात्र लिहिणाऱ्याने केलेला असतो.

प्रश्नकर्ती :
गुंतागुंत आणि गुंता घेतलंच! त्याच सूत्रांत 'एक्स्प्लिसिट' आणि 'इम्प्लिसिट' आहेत. 'स्पष्ट' आणि 'अस्पष्ट' लिहिलं आहे, पण समाधान नाही.

प्रतिसाद :
'अस्पष्ट' तर चुकीचंच होईल. इम्प्लिसिट गोष्टीचा अर्थ धूसर नसतो, ती फक्त उच्चारलेली नसते. आपल्या व्याकरणात यासाठी नेमका शब्द आहे : अध्याहृत. 'उद्या येते' या वाक्यात 'मी' अध्याहृत आहे. क्रियापदावरून तो कळतो, म्हणून आपण म्हणत नाही. जावा या भाषेत वस्तूला (ऑब्जेक्टला) स्वतःचा उल्लेख असाच बहुतेक वेळा गाळता येतो. पायथनमध्ये पद्धत (मेथड, म्हणजे वस्तूने करायचं काम) लिहिताना 'सेल्फ' हा पहिला घटक मांडावाच लागतो, आणि आतही दर वेळी 'सेल्फ' टिंब अमुक असं लिहावं लागतं. 'मी उद्या येते' असंच म्हणायचं, 'मी' गाळायचा नाही. नवशिक्यांना हे पाल्हाळ वाटतं, पण वाचणाऱ्याला हे मूल्य कुठलं आहे ते शोधत वर जावं लागत नाही. 'एक्स्प्लिसिट'ला मी 'उघड' म्हणेन : अध्याहृतापेक्षा उघड बरं.

प्रतिसाद :
'अध्याहृत' उत्तम. फक्त लेखात हा नियम सरसकट लावू नका. यादी रिकामी आहे का हे तपासताना लांबी शून्याशी ताडून पाहणं जास्त उघड आहे. तरी पायथनची लेखनशैली सांगणारी अधिकृत नियमावली 'इफ नॉट यादी' एवढंच लिहायला सांगते. रिकामी यादी म्हणजे असत्य, हे तिथे अध्याहृत राहतं. पायथन लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा संकेत ठाऊक असतो, म्हणून ती ओळ सुबोधच राहते, 'उद्या येते'सारखी.